कंकाली टीला : मातीत हरवलेले आणि शिलेवर राहिलेले

महाराष्ट्रातील जुन्या गावांत 'पांढर' हा शब्द आजही ऐकू येतो. काळ्या शिवारात मध्येच राखट, भुसभुशीत मातीचे एक टेकाड दिसते. तेथे नांगर लागला की खापरे, मणी, विटांचे तुकडे वर येतात. एकाच जागी शतकानुशतके घरे पडत गेली, त्यांच्यावर पुन्हा नवी घरे उभी राहिली, की त्या मातीचे असे टेकाड तयार होते. उत्तर भारतात त्यास टीला म्हणतात. पुरातत्त्वज्ञाचे काम बहुधा अशाच एखाद्या टेकाडापाशी सुरू होते. तो प्रथम खणत नाही. तो चालतो, पाहतो, पृष्ठभागावरील खापरे गोळा करतो, गावातील वृद्धांकडून दंतकथा ऐकतो आणि जुन्या ग्रंथांतील उल्लेख त्या जागेशी ताडून पाहतो.

मथुरा शहराच्या कडेला असलेला कंकाली टीला हे जैन धर्माच्या इतिहासातील असे सर्वांत महत्त्वाचे टेकाड होय. त्याच्या नावात जैन धर्माची कोणतीही खूण नाही. टेकाडावरील कंकाली देवीच्या अलीकडच्या काळातील एका लहानशा मंदिरावरून ते नाव पडले. जैन साहित्यात मात्र मथुरेच्या स्तूपाची आठवण अखंड जपलेली होती. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या मांडलिकाच्या आश्रयाने दक्षिणेत इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलकचम्पू' पूर्ण करणारे दिगंबर आचार्य सोमदेवसूरी मथुरेच्या 'देवनिर्मित' स्तूपाची कथा सांगतात. चौदाव्या शतकातील श्वेतांबर आचार्य जिनप्रभसूरी यांनी 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथात तीच परंपरा अधिक विस्ताराने नोंदविली आहे. त्यानुसार तो स्तूप मुळात सुवर्णाचा व रत्नजडित होता, सातवे तीर्थंकर भगवान सुपार्श्वनाथ यांच्या तीर्थात तो कुबेरा देवीने उभारला आणि भगवान पार्श्वनाथांच्या काळात त्यास विटांचे आवरण घालण्यात आले. सोळाव्या शतकात पंडित राजमल्ल यांनी 'जंबूस्वामिचरित' रचले. त्यात साहू टोडर या श्रावकाने मथुरेतील पाचशेहून अधिक जीर्ण स्तूपांचा उद्धार केल्याचा वृत्तांत आहे. दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत स्तूप होता. तो नेमका कोठे होता, हे मात्र पुढे कोणासच सांगता येईना.

तो सापडला तोही ग्रंथांमुळे नव्हे, तर विटांमुळे. आसपासच्या बांधकामांसाठी लोक टेकाड उकरून विटा नेत असत आणि त्या उकराउकरीत मूर्ती वर येत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संस्थापक अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७१ मध्ये येथे खोदकाम करविले, तेव्हा तीर्थंकरांच्या अनेक प्रतिमा व कुशाणकालीन लेख हाती लागले. १८७५ मध्ये मथुरेचे जिल्हाधिकारी ग्राउस यांनी आणि १८८७-८८ मध्ये जेम्स बर्जेस यांनी त्यात भर घातली. सर्वांत मोठे उत्खनन डॉ. फ्यूरर यांचे. १८८८ ते १८९१ या तीन हंगामांत त्यांनी टेकाडाचा बराच भाग उलथून काढला. विटांचा सुमारे ४७ फूट व्यासाचा स्तूप आणि दोन मंदिरांचे अवशेष उघडे झाले. १८९०-९१ च्या एकाच हंगामात ७३७ शिल्पावशेष लखनौच्या संग्रहालयात पोहोचले. तीर्थंकर प्रतिमा, आयागपट, वेदिकेचे कोरीव स्तंभ, तोरणांचे तुकडे असा तो संभार होता.

७३७ ही संख्या ऐकून कोणाही श्रावकाचे मन भरून यावे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने मात्र ही हानीचीही संख्या आहे, आणि ती कशी हे समजण्यासाठी उत्खनन म्हणजे काय याकडे वळले पाहिजे.

टेकाडाची माती थराथरांनी साचलेली असते. खालचा थर जुना, वरचा नवा, हा मूळ नियम. परंतु तो वाटतो तितका सरळ चालत नाही. मध्येच कोणी पाया खणतो, विहीर काढतो, भिंतीच्या विटा उपसून नेतो, आणि नव्या काळातील वस्तू खड्ड्यातून जुन्या थराच्या पातळीवर जाऊन पडते. म्हणून उत्खननात जागेची चौरसांत आखणी करतात, चौरसांमध्ये मातीचे बांध राखतात आणि त्या बांधांच्या उभ्या बाजूंवर थरांचे रंग, पोत, राख, चुना वाचून त्यांचा नकाशा काढतात. वस्तू कोणत्या थरात, कोणत्या भिंतीच्या आत अथवा बाहेर, कोणत्या खापरांच्या सोबत मिळाली याची नोंद झाल्यानंतरच ती जागची हलवितात. कोळशाचा एखादा तुकडा मिळाला तर किरणोत्सारी कार्बनावरून त्याचे वय काढता येते. ही पद्धत १९४९ नंतर उपलब्ध झाली. खोदलेला थर पुन्हा कोणासही खोदता येत नाही. एखाद्या पोथीचे प्रत्येक पान वाचता वाचता जाळून टाकावे लागावे, असे हे काम आहे. पान जळण्यापूर्वी त्याची नक्कल उतरवून घेतली नाही, तर त्यावरील मजकूर कायमचा गेला.

फ्यूरर यांनी नक्कल उतरविली नाही. काही नकाशे, छायाचित्रे आणि शिल्पांची चित्रे एवढेच त्यांच्यामागे राहिले. कोणती प्रतिमा स्तूपापाशी मिळाली, कोणती मंदिरात, कोणती कचऱ्याच्या खड्ड्यात, हे बहुतांश शिल्पांबाबत आज सांगता येत नाही. स्तूपाच्या पायाखाली त्याहून जुन्या विटा होत्या काय, आवरणावर आवरण किती वेळा चढले, हे पाहण्याची संधी तेव्हाच होती. त्या काळी शास्त्रच प्रगत नव्हते, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण त्याच दशकात इंग्लंडमध्ये पिट-रिव्हर्स अतिशय काटेकोर नोंदी ठेवून उत्खनने करीत होते. भारतात थरांनुसार उत्खननाची शिस्त रुजण्यास १९४४ मध्ये महासंचालक म्हणून आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांची वाट पाहावी लागली.

फ्यूरर यांची गोष्ट येथेच संपत नाही. नेपाळच्या तराईतील कामात त्यांनी खोटे वृत्तांत दिल्याचे आणि ब्रह्मदेशातील एका भिक्षूस बनावट अवशेष पाठविल्याचे १८९८ मध्ये उघडकीस आले व त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९१२ मध्ये जर्मन विद्वान हाइनरिश ल्यूडर्स यांनी दाखवून दिले, की अहिच्छत्र येथे मिळाल्याचे सांगून फ्यूरर यांनी अहवालात दिलेले जैन लेख मथुरेच्या लेखांवरून रचलेले होते. मथुरेच्या शिला मात्र अस्सल आहेत. त्या आजही संग्रहालयात डोळ्यांसमोर उभ्या आहेत. त्यांचा ग्रंथ अखेर व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला. फ्यूरर यांनी तयार करविलेली चित्रे त्यांच्यापुढे होती, पण सोबतचा मजकूर नव्हता. स्मिथ यांनी जे जुळविता आले ते जुळविले.

थर गेले, पण अक्षरे राहिली. प्रतिमांच्या पीठिकांवर, आयागपटांवर, स्तंभांवर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या लेखांचे ठसे व्हिएन्ना येथे प्राध्यापक गेओर्ग ब्यूलर यांच्याकडे जात. ब्यूलर यांनी पूर्वी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात अनेक वर्षे सेवा केली होती आणि जैन हस्तलिखितांच्या शोधात ते पश्चिम भारतात हिंडले होते. त्या काळी युरोपातील विद्वानांत मोठा वाद चालू होता. जैन धर्म ही बौद्ध धर्माचीच एक शाखा आहे, असे अनेकांचे मत होते. हेर्मान याकोबी यांनी १८७९ मध्ये 'कल्पसूत्रा'ची आवृत्ती प्रसिद्ध करून ते खोडून काढले. तरीही ओग्यूस्त बार्थ यांच्यासारख्यांची शंका कायम राहिली. जैनांचे आगम फार उशिरा ग्रंथबद्ध झाले, तेव्हा त्यांतील आचार्यांच्या याद्या मागाहून रचलेल्या कशावरून नसतील? प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. केवळ ग्रंथाच्या आधारे त्याचे उत्तर देता येण्याजोगे नव्हते.

उत्तर मथुरेच्या मातीतून आले. कल्पसूत्राच्या स्थविरावलीत आर्य सुहस्ती यांच्या शिष्यांपासून निघालेले गण सांगितले आहेत : सुस्थित व सुप्रतिबुद्ध यांच्यापासून कोटिक गण, रोहण यांच्यापासून उद्देह गण, श्रीगुप्त यांच्यापासून चारण गण. प्रत्येक गणाची कुले आणि शाखा स्वतंत्र. कंकाली टीलाच्या पीठिकांवर दान देणाऱ्या श्रावक-श्राविकांनी आपल्या उपदेशक मुनींची ओळख याच पद्धतीने कोरली आहे : अमुक गण, अमुक कुल, अमुक शाखा. कोट्टिय गण येतो, वइरा शाखा येते, उच्चनागरी शाखा येते. पोथीतील यादी आणि मातीखाली दडलेली यादी यांचा मेळ बसला. ज्या शिला शेकडो वर्षे कोणी पाहिल्या नव्हत्या, त्या पाहून कोणी पोथी रचली असणे शक्य नव्हते. ब्यूलर यांनी १८८७ पासून लेखमाला लिहून हा निष्कर्ष मांडला आणि जैन परंपरेच्या प्रामाण्याचा वाद बहुतांशी मिटला.

त्यातील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. पोथ्यांत 'चारण' असलेला गण शिलांवर 'वारण' असा येतो. च आणि व ही अक्षरे एकमेकांच्या इतकी जवळची आहेत, की पिढ्यान्‌पिढ्या नकला उतरविताना एखाद्या लेखनिकाच्या हातून वचा च झाला. परंपरा खरी होती, अक्षर चुकले होते. दोन्ही गोष्टी शिलेनेच दाखविल्या. उच्चनागरी शाखेचेही असेच महत्त्व आहे. 'तत्त्वार्थसूत्र' दोन्ही संप्रदायांना वंदनीय. श्वेतांबर परंपरा ज्यास स्वोपज्ञ मानते, त्या भाष्याच्या प्रशस्तीत वाचक उमास्वाती स्वतःस उच्चैर्नागर शाखेचे म्हणवितात. हे शाखानाम मथुरेच्या मूर्तींखाली अनेकदा आले आहे.

लेखांतील माणसे मोठी मनोवेधक आहेत. राजे त्यांत केवळ कालनिर्देशापुरते येतात. दाते आहेत ते व्यापारी, सुवर्णकार, लोहार, गांधी आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया. फगुयश नावाच्या नटाची पत्नी शिवयशा हिने अर्हतांच्या पूजेसाठी आयागपट करविला. त्यावर वेदिका, तोरण व सोपान यांसह स्तूपाचे चित्र कोरलेले आहे, आणि फ्यूरर यांनी उपसलेला स्तूप मुळात कसा दिसत असावा, याची कल्पना आज त्या पटावरूनच करावी लागते. उत्खननाने जे राखले नाही, ते एका नटाच्या पत्नीने राखले. एका पीठिकेवर ३५ या वर्षी कुमारभटी नावाच्या गांध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, भगवान वर्धमानांची प्रतिमा करविल्याचा लेख आहे. ज्या आर्यिकेच्या प्रेरणेने हे दान झाले, त्या कुमारमिता या कुमारभटीच्या संसारावस्थेतील माता होत्या. घर सोडून गेलेल्या आईच्या उपदेशाने मुलाने मूर्ती भरविली. पावणेदोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे नाते चार ओळींत शिल्लक आहे.

मूर्ती ओळखण्याचा प्रश्न वेगळा. आज मंदिरात गेल्यावर दृष्टी आपोआप पीठिकेवरील लांछनाकडे जाते. सिंह दिसला की भगवान महावीर, शंख दिसला की भगवान नेमिनाथ. कंकालीच्या कुशाणकालीन प्रतिमांवर लांछने नाहीत. ती प्रथा पुढे रूढ झाली. खांद्यावर रुळणाऱ्या जटांवरून भगवान ऋषभदेव, सप्तफणांवरून भगवान पार्श्वनाथ, दोन बाजूंच्या बलराम-कृष्णांवरून भगवान नेमिनाथ ओळखू येतात. इतर तीर्थंकरांची ओळख लेखात नाव असेल तरच पटते. छातीवरील श्रीवत्सामुळे प्रतिमा जिनांची आहे एवढे निश्चित होते. स्तूप म्हटला की तो बौद्धांचाच, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात प्रबळ होती आणि कित्येक जैन अवशेष त्यामुळे बौद्ध म्हणून नोंदले गेले. कंकालीने ती समजूत मोडली.

येथील पीठिकांवर चतुर्विध संघाचे अंकन आढळते. मध्ये धर्मचक्र, एका बाजूस मुनी व श्रावक, दुसऱ्या बाजूस आर्यिका व श्राविका. त्यांतील काही मुनी दिगंबर अवस्थेत असून पुढे घेतलेल्या हातावर वस्त्राचा एक तुकडा धरलेला दिसतो. हरिषेणांच्या दहाव्या शतकातील 'बृहत्कथाकोशा'त वर्णिलेल्या अर्धफालकांशी अनेक अभ्यासक त्यांचे नाते जोडतात. उभ्या तीर्थंकर प्रतिमा नग्न आहेत; गणांची नावे मात्र श्वेतांबर परंपरेने जपलेल्या स्थविरावलीतील आहेत. फ्यूरर यांनी सापडलेल्या दोन मंदिरांपैकी एक दिगंबरांचे व एक श्वेतांबरांचे ठरवून टाकले. दहाव्या-अकराव्या शतकांतील प्रतिमांबाबत, जेथे लेखातच संप्रदायाचा उल्लेख असेल तेथे, असे म्हणता येईल. कुशाणकाळातील शिलांवर आजची वाटणी लादणे मात्र योग्य नव्हे. त्या शिला ज्या संघाचे दर्शन घडवितात, त्याच्या भिंती अजून पक्क्या व्हावयाच्या होत्या. दोन्ही बाजूंनी या प्रतिमांवर हक्क सांगणारे लेखन पुष्कळ झाले आहे. त्यांपैकी बरेचसे पीठिका न पाहताच झालेले दिसते.

कालगणनेत तर एका अंकाने इतिहास सरकतो. महाक्षत्रप शोडास याच्या राज्यात श्रमण-श्राविका अमोहिनी हिने पालघोष, प्रोष्ठघोष व धनघोष या पुत्रांसह आर्यवतीचा पट स्थापिला. त्यावरील वर्ष ब्यूलर यांनी प्रथम ४२ वाचले, नंतर ७२. अन्य विद्वानांत पुढेही दोन पक्ष राहिले. एका चिन्हाच्या वाचनाने शोडासाचा काळ तीस वर्षे पुढेमागे होतो. दुसरे उदाहरण सरस्वतीच्या प्रतिमेचे. सिंहाचा पुत्र लोहार गोव याने ५४ या वर्षी दान दिलेली ही मूर्ती काळाचा उल्लेख असलेली सरस्वतीची सर्वांत प्राचीन प्रतिमा मानतात. तिचे मस्तक नाही, डाव्या हातात पोथी आहे. कनिष्काचे वर्ष इ. स. ७८ पासून मोजल्याने ती अनेक वर्षे इ. स. १३२ ची म्हणून छापली जात असे. २००१ मध्ये हॅरी फाल्क यांनी एका ज्योतिषग्रंथाच्या आधारे कनिष्काचा आरंभ इ. स. १२७ असा मांडला आणि तो बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारला. मूर्ती जेथे होती तेथेच आहे. तिचे वय जवळजवळ पन्नास वर्षांनी उतरले.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती दिना या श्राविकेच्या दानलेखाची. वाचक वृद्धहस्ती यांच्या उपदेशाने तिने स्थापिलेल्या प्रतिमेच्या लेखात स्तूपास 'देवनिर्मित' म्हटले आहे. ग्रंथांतील शब्द शिलेवर जसाच्या तसा! ब्यूलर यांनी लेखाचे वर्ष ७९ वाचले. ल्यूडर्स यांनी ४९. प्रतिमा कोणत्या अर्हतांची, याचेही वाचन बदलले. प्रारंभीच्या वाचनातील 'नंद्यावर्त' या शब्दाच्या जागी कृष्णदत्त वाजपेयी यांनी 'मुनिसुव्रत' वाचले. स्मिथ यांनी असा तर्क केला, की लेख कोरला तेव्हा स्तूपाचे कर्ते लोकांच्या विस्मरणात गेले होते, म्हणूनच तो देवांनी बांधला असे म्हटले गेले. अर्थात तो त्याहून कित्येक शतके जुना, कदाचित भारतातील ज्ञात इमारतींत सर्वांत प्राचीन असावा. तर्क आकर्षक आहे आणि जैन लेखकांनी तो शंभर वर्षे आनंदाने उद्धृत केला. परंतु 'कित्येक शतके' म्हणजे किती, हे स्तूपाच्या पायाखालील थरच सांगू शकले असते. लेख एवढेच सिद्ध करतो, की कुशाणकाळी तो स्तूप पुरातन व दिव्य मानला जात होता. तेवढेही थोडे नव्हे.

१९७३ ते १९७७ या काळात मुनीशचंद्र जोशी यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षणाने मथुरेत पुन्हा, आता थरांनुसार, उत्खनन केले. त्या वेळी महासंचालकपदी म. न. देशपांडे होते. शहराच्या वस्तीचा क्रम चित्रित राखी खापरांच्या काळापासून लागला. कंकाली येथे विटांनी बांधलेले कुशाणकालीन तळे मिळाले. स्तूपाचा गाभा मात्र ऐंशी वर्षांपूर्वीच उपसला गेला होता.

मथुरेच्या लेखांचा उपयोग महाराष्ट्रातही झाला. पुणे जिल्ह्यातील मावळात पाले येथील लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. 'नमो अरहंतानं' या नमनाने आरंभ होणाऱ्या त्या लेखात भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचे म्हटले आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध करून जैन ठरविला. मथुरेच्या आयागपटांवर हेच नमन वारंवार येते, तर आसपासच्या बौद्ध लेण्यांतील लेखांचा आरंभ सहसा असा होत नाही. हा निर्णय मान्य झाल्यास महाराष्ट्रातील हा सर्वांत प्राचीन जैन लेख ठरतो. एवढ्या एका नमनावरून संप्रदाय निश्चित करावा काय, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. लेण्यात मूर्ती नाही, लांछन नाही. आसपासच्या डोंगरांतील लेणी व टाकी यांचा शोध पुढे चालू राहिला, तर त्यातून एखादी दुसरी ओळ मिळण्याची शक्यता आहे.